ऑटर नदीवरचे गवंडी

दोस्तांनो, इंग्लंडच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात डेव्हन नावाचा एक परगणा आहे. हिरव्यागार टेकड्या, लाल माती, जाड मातीच्या भिंतींची आणि गवतानं शाकारलेली जुनी घरं, आणि अरुंद रस्त्यांच्या दोन्ही बाजूंना माणसाच्या डोक्यावर जाणारी झुडपांची कुंपणं. या डेव्हनमधून एक छोटीशी नदी वाहते. तिचं नाव ऑटर. ऑटर म्हणजे आपलं पाणमांजर. पण गंमत बघा, ही नदी अलीकडे गाजली ती पाणमांजरामुळे नाही, तर भलत्याच प्राण्यामुळे. तो प्राणी म्हणजे बीव्हर!

बीव्हर आपल्या देशात नाही. त्यामुळे तुमच्यापैकी बहुतेकांनी तो चित्रातच पाहिला असेल. मोठे पुढचे दात, चपटी शेपटी आणि दातांनी झाड पाडून बंधारा बांधणारा प्राणी, एवढं आपल्याला ठाऊक असतं. पण असा प्राणी खरोखर माणसांच्या शेजारी राहायला आला तर काय होतं? त्याचे बंधारे कुणाला हवेसे वाटतात आणि कुणाला नकोसे? हेच पाहायला आज आपण ऑटर नदीच्या काठाकाठानं जाऊ. चला तर!

लंडनच्या वॉटर्लू स्टेशनवरून गाडीत बसलं की साधारण तीन तासांत हॉनिटन नावाचं गाव येतं. ऑटर नदी या गावाजवळूनच जाते. तिचा उगम उत्तरेला ब्लॅकडाउन टेकड्यांमध्ये आहे आणि दक्षिणेला बडली सॉल्टरटन या गावापाशी ती समुद्राला मिळते. एकूण लांबी किती म्हणाल, तर सुमारे ३२ किलोमीटर. म्हणजे जेमतेम पुण्याहून सासवडला जाण्याएवढी! वाटेत ऑटरी सेंट मेरी हे गाव लागतं. प्रसिद्ध इंग्रज कवी सॅम्युअल टेलर कोलरिज याचा जन्म १७७२ साली इथलाच. लहानपणी या नदीकाठी तो खूप खेळला. पण त्यानं इथे बीव्हर काही पाहिला नसणार. कारण त्याच्या कितीतरी आधी इंग्लंडमधले बीव्हर संपलेले होते.

कोण हा बीव्हर?

आधी आपण या पाहुण्याची ओळख करून घेऊ. बीव्हर हा उंदीर, घूस आणि खार यांचा नातेवाईक. म्हणजे कुरतडणाऱ्या प्राण्यांपैकी एक. युरोपात या गटात त्याच्याएवढा मोठा दुसरा कुणी नाही. पूर्ण वाढलेल्या बीव्हरचं वजन २० ते ३० किलो भरतं. म्हणजे तिसरी-चौथीतल्या मुलाएवढं! त्याचे पुढचे दात नारिंगी रंगाचे असतात. ते घासले नाहीत म्हणून तसे झालेले नाहीत बरं का! दातांच्या वरच्या थरात लोह असतं, त्यामुळे तो रंग येतो आणि दातही टणक होतात. हे दात आयुष्यभर वाढत राहतात, म्हणून कितीही कुरतडलं तरी झिजून संपत नाहीत.

बीव्हर मासे खातो अशी पुष्कळांची समजूत असते. ती साफ चुकीची आहे. तो पक्का शाकाहारी आहे. उन्हाळ्यात गवत, पाला आणि पाणवनस्पती, हिवाळ्यात झाडांची साल. नर, मादी आणि त्यांची पिल्लं असं त्यांचं कुटुंब असतं. पिल्लं साधारण दोन वर्षांची होईपर्यंत आईबापांजवळ राहतात आणि मग आपलं स्वतंत्र बिऱ्हाड थाटायला निघतात.

मग तो बंधारे कशाला बांधतो? तर जिवाच्या भीतीनं. बीव्हर पाण्यात चपळ असला, तरी जमिनीवर अगदी संथ. त्यामुळे त्याच्या घराचं दार पाण्याखाली असतं. लांडग्याला किंवा कोल्ह्याला ते सापडत नाही. पण हे दार पाण्याखाली राहायचं, तर पाणी खोल हवं ना! जिथे पाणी मुळातच खोल आहे, तिथे बीव्हर बंधाऱ्याच्या भानगडीत पडतच नाही. म्हणून ऑटरच्या मुख्य पात्रात तुम्हाला बंधारे दिसणार नाहीत. तिथे तो काठात बीळ खणून राहतो. बंधारे असतात ते नदीला मिळणाऱ्या लहान लहान ओढ्यांवर.

बंधारा बांधायची आठवण त्याला कशी होते, माहीत आहे? वाहत्या पाण्याच्या आवाजानं. स्वीडनमधले संशोधक लार्स विल्सन यांनी पाळलेल्या बीव्हरांना वाहत्या पाण्याचा ध्वनिमुद्रित आवाज ऐकवून पाहिला. पाणी नसतानाही ते बिचारे आवाजाच्या दिशेनं काटक्या रचायला लागले! ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे आपल्याला तिचा उपयोग होणार आहे.

चारशे वर्षांनी परत

बीव्हरची फर दाट आणि उबदार. त्याच्या शेपटीजवळच्या ग्रंथींतून निघणारा वासाचा पदार्थ औषधात आणि अत्तरात वापरत. शिवाय मांसही खात. मग काय, शिकाऱ्यांनी त्याला सोडलं नाही. सुमारे चारशे वर्षांपूर्वी ब्रिटनमधून तो नाहीसा झाला. १९०० च्या सुमाराला तर सगळ्या युरोप-आशियात मिळून या जातीचे जेमतेम १२०० प्राणी उरले होते. पुढे शिकारीवर बंदी आली, अनेक देशांनी बीव्हर पुन्हा आणून सोडले, आणि आज त्यांची संख्या दहा लाखांच्या वर गेली आहे.

ऑटर नदीवर मात्र त्यांना कुणी समारंभानं आणलं नव्हतं. ते कुठल्या तरी बंदिस्त जागेतून निसटले, की कुणी गुपचूप आणून सोडले, याचा उलगडा कधी झालाच नाही. काठावरच्या लोकांना कुरतडलेली झाडं दिसू लागली. मग २०१४ च्या सुरुवातीला एका कॅमेऱ्यात पिल्लांसह बीव्हर टिपले गेले. चारशे वर्षांनी इंग्लंडच्या मोकळ्या नदीत बीव्हरचा संसार सुरू झाला होता!

सरकारला ही बातमी गोड लागली नाही. बीव्हरांबरोबर एक घातक पट्टकृमी देशात येईल, अशी भीती होती. तो माणसालाही आजारी पाडू शकतो. त्यामुळे हे बीव्हर पकडून बंदिस्त जागेत ठेवायचं ठरलं. पण काठावरच्या गावांमधले लोक म्हणाले, ‘आमचे बीव्हर आम्हाला हवेत!’ सभा झाल्या, पत्रं गेली, एका पर्यावरण संस्थेनं न्यायालयाचं दार ठोठावलं.

एका बाजूला ‘हवेत’ आणि दुसऱ्या बाजूला ‘नकोत’. अशा वेळी नुसतं ओरडून काय उपयोग? म्हणून मधला मार्ग निघाला. जानेवारी २०१५ मध्ये ‘डेव्हन वाइल्डलाइफ ट्रस्ट’ या संस्थेला पाच वर्षांच्या प्रयोगाचा परवाना मिळाला. बीव्हर पकडून तपासले गेले. त्यांच्यात तो पट्टकृमी सापडला नाही. तेव्हा मार्च महिन्यात, कानांना बिल्ले लावून, त्यांना परत नदीत सोडण्यात आलं. एक्सेटर विद्यापीठाचे प्राध्यापक रिचर्ड ब्रेझियर आणि त्यांच्या सहकाऱ्यांवर जबाबदारी आली ती मोजमाप करायची. पाच वर्षांनी बीव्हर ठेवायचे की काढायचे, हे त्या आकड्यांवरून ठरणार होतं.

तेरा बंधारे आणि शंभर टन गाळ

इथे आपण नदी थोडा वेळ सोडू आणि डेव्हनच्याच पश्चिम टोकाला जाऊ. कारण बीव्हरचं पाणी मोजायचा पहिला धडा एक्सेटरच्या शास्त्रज्ञांनी तिथे गिरवला. तिथल्या सुमारे तीन हेक्टर झाडीला कुंपण घालून २०११ साली बीव्हरची एक जोडी आत सोडली होती. आतून वाहणारा ओढा केवढा? कुंपणाच्या आत त्याची लांबी फक्त १८३ मीटर! पण या जोडप्यानं आणि त्यांच्या पिल्लांनी त्यावर एकामागून एक १३ बंधारे घातले. त्यांच्या मागे १३ तळी तयार झाली.

शास्त्रज्ञांनी काय केलं, तर पाणी कुंपणात शिरतं तिथे आणि बाहेर पडतं तिथे अशी दोन्हीकडे उपकरणं बसवली. आत येताना पाणी किती आणि कसं, बाहेर जाताना किती आणि कसं, हे पाहायचं. साधी वजाबाकी! उत्तरं मात्र साधी नव्हती. ही तळी मिळून सुमारे दहा लाख लिटर पाणी धरून ठेवत होती. जोराचा पाऊस झाला की ओढ्याला लोंढा येतो. या लोंढ्याची उंच लाट बाहेर पडताना सरासरी ३० टक्क्यांनी कमी झालेली असे. २०१८ मध्ये त्यांनी गाळाचाही हिशेब मांडला. तळ्यांच्या तळाशी १०० टनांहून जास्त गाळ साठलेला होता, आणि त्यातला सुमारे ७० टक्के भाग म्हणजे वरच्या शेतांमधून धुऊन आलेली माती. नाही तर ती माती थेट समुद्राकडे गेली असती.

आपल्याकडे पावसाळा संपता संपता सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती भरून ओढ्यावर वनराई बंधारे घालतात. तुमच्यापैकी काहींनी शाळेतर्फे श्रमदानही केलं असेल. बीव्हरचा बंधारा त्याच कुळातला. फरक इतकाच, की तो फांद्या, दगड आणि चिखलाचा असतो आणि सगळीकडून थोडा थोडा पाझरतो. पाझरतो म्हणूनच तर तो कामाचा! पाणी अडतं, पण कायमचं नाही. लोंढा हळूहळू, दमादमानं पुढे जातो. पावसाळ्यात पूर ओसरतो आणि उन्हाळ्यात ओढा आटत नाही.

खालच्या गावाची गोष्ट

पण कुंपणातली गोष्ट वेगळी आणि माणसांच्या वस्तीतली वेगळी. म्हणून परत ऑटर नदीकडे जाऊ. नदीच्या खालच्या भागात ईस्ट बडली नावाचं टुमदार गाव आहे. दर्यावर्दी सर वॉल्टर रॅले याचा जन्म याच परिसरातला, सोळाव्या शतकातला. या गावातून एक ओढा वाहतो आणि पुढे ऑटरला मिळतो. गावाला पुराची सवय जुनी. पाऊस कोसळला की ओढ्याचं पाणी घरांपर्यंत येण्याची धास्ती.

प्रयोगाच्या काळात बीव्हरचं एक कुटुंब याच ओढ्यावर, गावाच्या वरच्या अंगाला राहायला आलं. त्यांनी एकामागून एक बंधारे घातले. शास्त्रज्ञांनी बीव्हर येण्याआधीच्या पाण्याच्या नोंदी आणि नंतरच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. गावात येणाऱ्या लोंढ्याचा जोर स्पष्टपणे कमी झाला होता! एक पैसाही मजुरी न घेता या गवंड्यांनी गावाच्या वर एक पहारा उभा केला होता.

मासे धरणाऱ्या मंडळींनाही काळजी होती. बंधारे आडवे आले तर ट्राउट मासे वर कसे जाणार? तेही पाहिलं गेलं. बीव्हरच्या तळ्यांमध्ये, शेजारच्या साध्या प्रवाहापेक्षा ३७ टक्के जास्त मासे सापडले. आणि पाणी चढलं की ट्राउट बंधाऱ्यावरून उडी मारून वर जातानाही दिसले.

वरच्या शेताची गोष्ट

आता तुम्ही म्हणाल, मग प्रश्नच मिटला! गाव खूश, मासे खूश, बीव्हर खूश. थांबा. बंधाऱ्यामागे जे पाणी साठतं, ते कुणाच्या तरी जमिनीवर साठतं. ओढ्याकाठची सखल जमीन कुणाचं तरी शेत असते. समजा, तिथे त्यानं बटाटे लावले आहेत. एका सकाळी तो उठून पाहतो, तर सऱ्यांमध्ये पाणी! बटाटे कुजणार, ट्रॅक्टर रुतणार. आणि त्याच पाण्यामुळे खालचं गाव मात्र कोरडं राहणार. गावाचा फायदा झाला, पण त्याची किंमत कुणी मोजली? शेतकऱ्यानं.

एक्सेटरच्या शास्त्रज्ञांनी आपल्या अहवालात नेमकं यावरच बोट ठेवलं. बीव्हरमुळे होणारा फायदा तोट्यापेक्षा मोठा आहे. पण ज्यांचा फायदा होतो आणि ज्यांचं नुकसान होतं ती माणसं एकच असतील असं नाही, असं त्यांनी लिहिलं. मला विचाराल, तर १३ बंधारे आणि १०० टन गाळ यांच्यापेक्षाही हे वाक्य महत्त्वाचं आहे. कारण ज्याचं नुकसान होतं, त्याला ‘बीव्हर किती गोड!’ असं सांगून त्याचे बटाटे परत येत नाहीत.

मग करायचं काय? त्यासाठी ट्रस्टची माणसं तयार असत. शेतकऱ्याचा निरोप आला की ती जाऊन पाहणी करत. कुणाच्या बागेतलं सफरचंदाचं झाड वाचवायचं असेल, तर बुंध्याला तारेची जाळी गुंडाळायची. किंवा रंगात वाळू मिसळून तो बुंध्याला फासायचा. दाताखाली कचकच लागली की बीव्हर ते झाड सोडून देतो! पाणी फार चढलं असेल, तर बंधाऱ्यातून एक लांब, जाड नळ आरपार घालायचा. आता ती मघाची स्वीडनची गोष्ट आठवा. पाणी खळखळलं की बीव्हर तिथे धावतो आणि भोक बुजवतो. म्हणून नळाचं तोंड बंधाऱ्यापासून दूर, खोल पाण्यात, जाळीच्या पिंजऱ्यात ठेवायचं. तिथे पाणी आवाज न करता आत शिरतं. बीव्हरला पत्ताच लागत नाही! तळं राहतं, पण ठरावीक उंचीच्या वर पाणी चढत नाही. म्हणजे बघा, एका संशोधकाचा आवाजाचा प्रयोग दुसऱ्या देशातल्या शेतकऱ्याच्या कामी आला.

तरीही भागलं नाही, तर बंधारा काढावा लागतो किंवा त्या बीव्हरांना पकडून दुसरीकडे न्यावं लागतं. जर्मनीतल्या बव्हेरिया राज्यात १९६६ साली बीव्हर परत आणले गेले. तिथे आता गावोगावी स्वयंसेवक ‘बीव्हर सल्लागार’ आहेत आणि नुकसान झालेल्या शेतकऱ्यांसाठी सरकारचा निधीही आहे. शेजार टिकवायचा तर तो फुकट टिकत नाही, हे त्यांना अनुभवानं कळलेलं आहे.

निकाल

पाच वर्षं संपली. सुरुवातीला दोनच कुटुंबं होती. २०२० पर्यंत ऑटरच्या खोऱ्यात सुमारे १५ कुटुंबं झाली. ऑगस्ट २०२० मध्ये सरकारनं निकाल दिला : ऑटर नदीवरचे बीव्हर कायमचे राहतील! १ ऑक्टोबर २०२२ पासून इंग्लंडमध्ये बीव्हरला कायद्याचं संरक्षण मिळालं. परवान्याशिवाय त्याला पकडणं किंवा मारणं हा आता गुन्हा आहे. आणि मार्च २०२५ मध्ये शेजारच्या डॉर्सेट परगण्यात, स्टडलंडजवळ, बीव्हरच्या दोन जोड्या रीतसर परवाना घेऊन मोकळ्या निसर्गात सोडण्यात आल्या. या वेळी लपवाछपवी नव्हती!

तुम्ही कधी डेव्हनला गेलात, तर उन्हाळ्यातल्या एखाद्या संध्याकाळी ऑटरटन गावाच्या पुलापाशी जा. जवळच जुनी पाणचक्की आहे. तिथून काठाकाठानं, आवाज न करता चालायचं. लाल दगडाच्या कड्याखाली पाणी काळसर व्हायला लागलं, की कधी कधी एक तपकिरी डोकं सरळ रेषेत पोहत येताना दिसतं. त्याला धोका वाटला, तर तो शेपटी पाण्यावर आपटतो. फाडकन आवाज होतो आणि सगळं कुटुंब गुडूप! म्हणून शांत बसायचं. पुढे थोड्याच अंतरावर बडली सॉल्टरटनचा गोल गोट्यांचा किनारा आहे. तिथे ऑटर समुद्राला मिळते आणि आपली सफर संपते.

पण जाता जाता एक खेळ सुचवतो. आज रात्री जेवताना घरातल्या चौघांनी चार बाजू घ्या. एकानं व्हायचं वरच्या शेतातला शेतकरी, दुसऱ्यानं खालच्या गावातला रहिवासी, तिसऱ्यानं मासे धरणारा, आणि सगळ्यात धाकट्यानं बीव्हर. ओढा एकच आहे. बंधारा ठेवायचा की काढायचा? ठेवला तर शेतकऱ्याला भरपाई कुणी द्यायची आणि कशातून? एकमत होईपर्यंत ताटावरून कुणी उठायचं नाही. बघा बरं, किती वेळ लागतो! ऑटरकाठच्या माणसांना पाच वर्षं लागली होती.